फुईचं क्रियापद

रविवारी सकाळी सोसायटीच्या कमिटीची सभा चालू असताना माझ्या तोंडून चुकीचं क्रियापद गेलं. इतकी वर्षं सुरतेत राहून माझी गुजराती पुरेशी बिनचूक झालेली आहे. हजीऱ्याच्या ज्या कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळते तिथली मुलं माझ्या सूचना त्याच भाषेत घेतात आणि नमुन्यांची अदलाबदल होत नाही. तेव्हा ही चूक अज्ञानातून आलेली नव्हती. विषय होता बी विंगच्या जिन्याखाली, मीटरांच्या खोलीलगत, पिल्लं घालून बसलेल्या तांबूस कुत्रीचा. मी म्हणाले, "परमदिवसे तो एनी सुवावड थई छे, एने अत्यारे केम खसेडाय?" परवा तर तिचं बाळंतपण झालं, तिला आत्ता कसं हलवायचं. मग अध्यक्ष भरतभाईंनी हातातला जिलेबीचा खोका मांडीवर ठेवला आणि अत्यंत सौजन्याने दुरुस्ती केली. "सुषमाबेन, सुवावड तो मारी वहुनी थई. कूतरी तो वियाणी." सुनेचं बाळंतपण झालं, कुत्री व्याली. सगळे मोकळेपणी हसले. मीही हसले, कारण विनोद चांगला होता आणि व्याकरणाच्या दृष्टीने भरतभाई बरोबर होते. पण हसू ओसरल्यावरही ते क्रियापद डोक्यातून गेलं नाही.

भरतभाईंची बाजू कमकुवत नव्हती. त्यांना नात झाली होती, सोमवारी सकाळी सून आणि नात दवाखान्यातून घरी येणार होत्या, आणि बी विंगला लिफ्ट नसल्याने जिन्याने वर जायचं तर त्या कुत्रीच्या तोंडावरून जावं लागणार होतं. ती भरतभाईंवर गुरगुरली होती, गॅसवाल्याच्या पोटरीपाशी दात दाखवून आली होती. चलथाणच्या पुढे उसाच्या शेतांत कुत्री सोडून येणारा एक टेम्पोवाला कुणाच्या तरी ओळखीचा होता. तो सोमवारी पहाटे यायला तयार होता. त्यासाठी ठराव हवा होता, ठरावावर अध्यक्ष आणि सचिव या दोघांच्या सह्या हव्या होत्या, आणि सचिव मी आहे. इतिवृत्त लिहिण्याचं काम दुसऱ्या कुणाला आवडत नाही, एवढंच त्याचं कारण. मी जिलेबीचा तुकडा तोंडात टाकला, अभिनंदन केलं आणि संध्याकाळी सांगते म्हणाले. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. सह्या मी वाचल्याशिवाय करत नाही हे त्यांना ठाऊक आहे.

मला प्राणी आवडत नाहीत. नावडतही नाहीत, आवडनिवड या वर्गीकरणात मी त्यांना घेतलेलंच नाही. गेल्या फाल्गुनात माझी फुई वारली तेव्हा तिच्या शोकसभेत जे जे बोलायला उठले त्या प्रत्येकाने मुक्या प्राण्यांवर लेकरांसारखी माया करणारी माउली असं तिचं वर्णन केलं, आणि मी मागच्या रांगेत अस्वस्थ बसून राहिले. फुई म्हणजे आत्या. आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात, इथे सुरतेत फोई म्हणतात, त्यामुळे तिच्याबद्दल बोलताना मला कधी भाषांतर करावं लागलं नाही. नाव मालतीबाई. साक्रीकडच्या आमच्याच गावी, सरकारी उपकेंद्रात, ती नर्स होती. बदल्यांच्या कारभारात सहसा घडत नाही ते तिच्या बाबतीत घडलं आणि निवृत्तीपर्यंत ती आपल्या माहेरच्या गावातच राहिली. लग्न केलं नाही. कुणी छेडलं तर म्हणायची, माझा मुहूर्त निघाला रे निघाला की कुणीतरी बाई अडते. तिच्या प्रत्येक उत्तरात असा एक कोरडा काटा असे, आणि माउली हा शब्द त्या काट्यावर कसा बसवायचा ते मला शोकसभेत कळेना. पण आज सकाळी माझ्या तोंडून गेलेलं क्रियापद तिचं होतं, याबद्दल मला शंका नव्हती. मराठीत, अहिराणीत आणि गुजरातीत या मुद्द्यावर पूर्ण एकमत आहे: बाई बाळंत होते, जनावर वितं. फुई तेवढी या एकमतात नव्हती. तिच्या तोंडी म्हैस बाळंत होई, शेळी बाळंत होई, कुंभाराची गाढवी बाळंत होई, आणि एकदा तर भिंतीवरची पाल बाळंत झाल्याचं तिने मला गंभीरपणे सांगितलं होतं. पाल अंडी घालते हे मला पुढे शाळेत कळलं. तिला ते आधीपासून माहीत असणार.

दुपारी मी सुरतेच्याच दुसऱ्या टोकाला, डिंडोलीला निघाले. ते जाणं आधीच ठरलेलं होतं. आमच्या गावच्या सखुबाई तिथे मुलाकडे राहतात, आणि फुईचा फोटो चौकटीत घालून भिंतीवर लावायचा म्हणून तो मी आणून द्यावा असा त्यांचा निरोप होता. उधन्याच्या पुलावर वाहनं खोळंबली, गाडीच्या काचेतून ऊन थेट हातांवर आलं, आणि हात पाहता पाहता मला फुईची नखं आठवली. ती तपकिरी असत. मेंदीसारखी नव्हेत, चहाच्या कपाच्या तळाशी साका धरतो तशी. पोटॅशियम परमँगनेट. उपकेंद्राच्या फळीवर एका गडद बाटलीत त्याचे खडे असत, आणि तामलीभर पाण्यात एक खडा टाकून त्यातून निघणारे जांभळे धागे बघत बसायची मला मुभा होती. माझ्या रसायनशास्त्राची सुरुवात तिथे झाली असं मी मुलाखतीत कधी सांगितलेलं नाही, पण ते खरं आहे. त्याच पाण्याने ती बायकांच्या जखमा धूत असे, आणि त्याच पाण्याने कुंभाराच्या गाढवीची ओझ्याने सोललेली पाठ. गाढवी जांभळी होऊन गावभर हिंडे, दोन दिवसांनी तपकिरी पडे, आणि गावातली पोरं तिच्या रंगावरून नर्सबाईने तिला शेवटचं कधी धुतलं ते ओळखत. जांभळ्याचं तपकिरी होणं म्हणजे परमँगनेटने आपला ऑक्सिजन देऊन टाकणं आणि मागे मँगनीजचा साका राहणं, हे मी आता कुणालाही दोन ओळींत समजावून देऊ शकते. पण ते समजावताना माझ्या डोळ्यांसमोर परीक्षानळी येत नाही. संध्याकाळच्या उन्हात पाणवठ्याकडे चाललेलं एक जांभळं गाढव येतं.

जनावराला हात लावण्याची फुईची एक अट असे. गुरांचा दवाखाना साक्रीला, रस्ता पावसाळ्यात बंद, तेव्हा अडलेली गाय घेऊन माणसं उपकेंद्राच्या दाराशी येत. बाप्या माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणे, नर्सबाई, गाय व्याली पण जार पडली नाही, वार आतच अडकली. फुई आतून विचारी, "कोण?" गाय. "काय झाली?" व्याली. "ऐकू आलं नाही." असं दोन-तीनदा होई. मग तो मिशीतल्या मिशीत, आजूबाजूला पाहत, बाळंत झाली म्हणे, आणि फुई चपला घालून बाहेर येई. तिच्यामागे ड्यूटी नावाची तिची कुत्री. कुत्रीचं नाव ड्यूटी ठेवण्यामागे हेतू एवढाच की कुठे निघालात म्हणून कुणी विचारलं तर ड्यूटीवर असं सांगता यावं, आणि कुठून आलात म्हणून विचारलं तर ड्यूटीवरून. कुत्री दोन्ही वेळा शेपटी हलवी. गाय मोकळी झाली की फुई मालकाला पुढचा नियम सांगे: सव्वा महिना हिला लांब चारायला न्यायचं नाही, कोमट पाणी, गूळ, बाजरीची कण्हेरी. बाळंतिणीच्या खोलीला असतो तसा गोठ्याच्या कोपऱ्याला गोणपाटाचा आडोसा. लोक हसत आणि करत. करत, कारण तिने पाहिलेली गाय दूध नीट देई. दूध आडोशाने वाढलं की विश्रांतीने की फुईच्या परमँगनेटने, हे वेगवेगळं करून पाहण्याची सोय तेव्हा नव्हती, आणि मी त्यावर मत देणार नाही.

सखुबाईंच्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हा पडद्यामागे त्यांचा मुलगा विठ्ठल रात्रपाळी करून झोपलेला होता आणि खालच्या मजल्यावरच्या यंत्रमागांची धडधड फरशीतून तळपायांत येत होती. या घरात बोलणं नेहमी थोड्या वरच्या पट्टीत होतं. विठ्ठलला त्याची सवय आहे, आवाज थांबला तर त्याला जाग येते. सखुबाई भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या. "ये वं माय, बठ," त्या म्हणाल्या. "फुईना फोटू लई उनी का?" मी फोटो काढून दिला. निवृत्तीच्या समारंभातला, शाल-नारळासह. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, मग त्याच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. तिथे एक शेपूट होतं. फक्त शेपूट; पुढची कुत्री फोटोवाल्याने चौकटीबाहेर ठेवली होती.

"आनि हाई काय? कुत्री कापी टाकी का यानी?"

"फोटो सरपंचांबरोबर काढायचा होता."

"सरपंचले कापता व्हता मंग." त्या स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाल्या. पडद्यामागून विठ्ठलचा आवाज आला, "माय, हळू." म्हणजे तो जागा होता.

मी त्यांना सकाळची हकिगत सांगितली. गंमत म्हणून सांगितली. मी कुत्रीला बाळंत म्हणाले आणि अख्खी कमिटी हसली. फुईची जनावरांवरची माया माझ्या जिभेवर येऊन बसली आहे बहुतेक. सखुबाई हसतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली.

"तो शबुद जनावरंसाठे नव्हता," त्या म्हणाल्या. "तो तुन्या वक्तले उना."

माझ्या वेळेला आला. मी विचारलं, माझ्या कोणत्या वेळेला. "जनमनी तव्हय," त्या म्हणाल्या. जन्मलीस तेव्हा. "तुले कोनी सांगं नही?" मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात आधीच्या दोन मुली आणि तिसरी मी, एवढं मला ठाऊक होतं. ही संख्या माझ्या जन्माआधी दोन आणि नंतर तीन झाली, यात सांगण्यासारखं काही घडलं असेल असं मी कधी धरलं नव्हतं.

सखुबाई तेव्हा नवी सून होत्या, शेजारच्या घरातल्या. आई आतल्या खोलीत, फुई तिच्यापाशी; पाणी तापवून दारापर्यंत पोचवायचं काम सखुबाईंकडे. ओट्यावर माझी आजी. बरोबर शेजारच्या चार बाया. माझा आवाज ऐकू आला, काही वेळाने फुई हात पुसत दारात आली, आणि आजीने विचारलं, "काय व्हयनं?" काय झालं. हा प्रश्न आमच्याकडे एकाच अर्थाने विचारला जातो आणि त्याला दोनच उत्तरं असतात. फुई म्हणाली, "बाळंत व्हयनी."

"ते समजनं. काय व्हयनं?"

"बाळंत."

"मालती, काय व्हयनं?"

"सांगं ना. बाळंत व्हयनी. सुखरूप शे."

ओट्यावरची एक बाई हसली. आजी उठली, स्वतः आत गेली, कपडा बाजूला करून पाहून आली. बाहेर येऊन कुणाला उद्देशून नाही अशा तऱ्हेने, पण आईला आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "व्यायनी परत." व्याली पुन्हा. सखुबाई म्हणाल्या, तो शब्द त्यांनाही लागला, कारण त्यांचेही दिवस भरत आले होते. मग माझ्याकडे न बघता त्यांनी उरलेलं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आजीची म्हैस व्याली. पारडी झाली. पारडी, म्हणजे उद्याची दुभती म्हैस. आजीने पारडीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि चिकाचा खरवस गल्लीत घरोघर पाठवला. सखुबाईंच्या घरी तो घेऊन फुई आली. सासूने विचारलं, काय गं, कसला खरवस. फुई म्हणाली, "मन्या मायनी म्हैस बाळंत व्हयनी. पोर व्हयनी तिले. माय गयरी खूश शे." माझ्या आईची म्हैस बाळंत झाली, मुलगी झाली तिला, आई फार खूश आहे. वाटी टेकवून पुढच्या घरी गेली. गल्लीतल्या प्रत्येक दारात तिने हेच, याच शब्दांत सांगितलं. आणि त्या दिवसानंतर कुठल्याही जनावराबद्दल तिच्या तोंडी दुसरं क्रियापद आलं नाही.

"म्हणजे माया नव्हतीच," मी म्हणाले. "तो टोमणा होता."

"माया बी व्हती. जनावरं तिले आधीपासून आवडेत."

"आधीपासून म्हणजे कधीपासून? माझ्या जन्माच्या आधीपासून?"

"आते तेबी मोजी ठेवाले पाहिजे व्हतं का मी?" त्यांनी ताटली उचलली. "च्या ठेवू का?"

परतीच्या वाटेवर मी हे प्रकरण नीट मांडून पाहिलं. साक्षीदार एक, वय झालेलं, घटना अर्धशतकापूर्वीची. पण तपशील अंतर्गत विसंगतीविना, आणि तो खोटा सांगण्यात सखुबाईंचा लाभ शून्य. मी तो स्वीकारला. मग उरला अर्थ. माणसं समजतात की फुईने जनावराला बाईच्या पातळीवर आणलं. तिने केलं ते बहुधा उलट बाजूने होतं. बाईच्या अंगावर फेकला जाणारा एक शब्द होता. आजीच्या तोंडातून तो काढून घेणं तिला शक्य नव्हतं. म्हणून तिने तो गोठ्यातूनच हद्दपार करायला घेतला. जिथे तो निरुपद्रवी होता, कामापुरता होता, तिथेच त्याचा पुरवठा तोडायचा, म्हणजे हळूहळू बाईवर फेकायला हाताशी काही उरणार नाही. एका माणसाने एका गावाच्या भाषेवर केलेला प्रयोग. नियंत्रण-गट नाही, मोजमाप नाही, कालावधी एका नोकरीएवढा. तो यशस्वी झाला का? आमच्या गावात आजही गाय विते. गेल्या दिवाळीत मी स्वतः ऐकलं आहे. प्रयोग फसला, असंच कोणीही लिहील. तरीही गाडीत बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की गाव हा नमुना चुकीचा असू शकतो. आमच्या घरात तो शब्द मी कधीही ऐकलेला नाही. आजी माझ्या कळत्या वयापर्यंत होती, तिची म्हैस होती, म्हशीला पुढेही पारड्या झाल्या. आणि मला आजीचा आवाज आठवतो तो ओट्यावरून फुईला हाक मारणारा: मालती, म्हैस बाळंत होतीय गं, लवकर ये. इतक्या सहजपणे, की मला तो जगातला एकमेव शब्द वाटला होता. शाळेत बाईंनी गाय व्याली असं वाचलं तेव्हा मी हात वर करून त्यांना दुरुस्त केलं होतं. मला वर्गाबाहेर उभं केलं गेलं आणि त्याचा मला अजिबात पस्तावा झाला नाही.

आणि मायेचं काय, तर तीही नाकारता येत नाही. फक्त तिचा क्रम बदलतो. टोमणा टिकवायचा तर तो रोज खरा करून दाखवावा लागतो. म्हशीला बाळंतीण म्हटलं की तिला गूळ द्यावा लागतो, आडोसा करावा लागतो, पाठीवरून हात फिरवावा लागतो, नाहीतर शब्द पोकळ पडतो आणि आजी जिंकते. अनेक वर्षं हात असा फिरत राहिला तर त्यात काही साचतं. नखांवर साचला तसा साका. त्याला लोकांना माया म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही. मात्र ती आंधळी नव्हती. ड्यूटी एकदा पिसाळलेल्या कुत्र्याशी भिडून आली, आणि फुईने तिला स्वतःच्या हाताने लिंबाला साखळीने बांधलं, भोवती चुन्याची रेघ ओढली, आम्हा मुलांना रेघेच्या आत पाऊल टाकाल तर पाय मोडीन म्हणाली. आठवड्या-दोन आठवड्यांनी ड्यूटी लाळ गाळत झटके देऊ लागली तेव्हा तिने कोतवालाला बंदूकवाल्याकडे पाठवलं. आवाज झाला त्या वेळी ती आत एका बाईची नाडी मोजत होती, आणि मोजणं तिने मध्ये सोडलं नाही. बाईच्या जिवाला ज्यातून धोका आहे ते जनावर तिने राखलं नसतं. मला हे आठवणं आवश्यक होतं, कारण संध्याकाळी मला एका तान्ह्या मुलीच्या आजोबांसमोर उभं राहायचं होतं, आणि तिथे मला फुईची फक्त सोयीची बाजू नेऊन चालणार नव्हतं.

घरी जाण्याआधी मी जिन्याखाली गेले. पहारेकरी हिलाल, तोही आमच्याच बाजूचा, मागून म्हणाला, "ताई, सांभाळी. धरी ती." चावेल, म्हणजे. कुत्री गुरगुरली. मी थांबले, एक पाऊल मागे घेतलं; गुरगुर थांबली. पुढे टाकलं, सुरू झाली. तीनदा करून पाहिलं. अंतर दर वेळी तेच निघालं: जिन्याची कड. कडेपलीकडे माणूस आला तर ती गुरगुरे, अलीकडे राहिला तर बघत राही. हे पिसाळणं नव्हे, हा उंबरठा होता. तिला आडोसा नव्हता म्हणून ती तो आवाजाने बांधत होती. तिच्या डाव्या कानाला खाच होती, म्हणजे कधीतरी धरून टोचलेली. खाच पाहून निर्बीजीकरण झालेलं समजायचं असतं, आणि पोटाशी तोंडं खुपसून पडलेली पाच पिल्लं हा त्याला पुरेसा प्रतिदावा होता. तिथे ओल्या केसांचा, दुधाचा आणि तापलेल्या मीटरांचा असा एक मिश्र वास होता. गोणपाटामागचा वास. मी तो ओळखला हे मला आवडलं नाही आणि मी तिथे आवश्यकतेपेक्षा जास्त वेळ उभी राहिले.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा पुन्हा भरली तेव्हा मी सही करणार नाही हे आधी सांगितलं आणि कारणं नंतर. जिन्याखालची मोकळी बाजू प्लायच्या फळीने बंद करायची, फळी माझी. खाणं-पाणी फळीआड पोचवायचं म्हणजे ती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेत येणार नाही, जबाबदारी माझी. लस टोचणारा डॉक्टर उद्या येतो आहे, बोलावलेला मी. सून आणि बाळ ए विंगच्या लिफ्टने वर जाऊन गच्चीवरून बी विंगमध्ये उतरतील. सव्वा महिन्यात पिल्लं दूध सोडून खाऊ लागतात, तोपर्यंत कुत्री हलणार नाही. त्यानंतर ती कुणाला दात दाखवत राहिली तर ठराव मी स्वतः लिहीन.

"आणि तोवर माझ्या नातीला काही झालं तर?" भरतभाई म्हणाले. आता ते हसत नव्हते. "तुमचं विज्ञान भरून देणार?"

"नाही. म्हणून फळी."

"कुत्रीसाठी सुवावडी सुनेला गच्चीवरून नेऊ? टाके आहेत तिला. एवढे मजले पायऱ्या उतरायला लावू?"

टाक्यांचा विचार मी केलेला नव्हता, आणि फुईने पहिला तोच केला असता. मी म्हणाले, ते बरोबर आहे, मग आजच फळी ठोकू आणि त्यांना खालूनच नेऊ. त्या जाताना फळीशी मी उभी राहीन. भरतभाई काही बोलणार एवढ्यात त्यांच्या पत्नी हंसाबेन जिन्यावरून खाली आल्या. हातात झाकलेलं पातेलं होतं. त्यांना सभेत काय चाललं आहे ते ठाऊक होतं की नव्हतं ते सांगता येणार नाही. त्या सरळ जिन्याच्या कडेपर्यंत गेल्या, पातेलं जमिनीवर ठेवून पायाने पुढे सरकवलं आणि मागे आल्या. तुपातला, गुळातला शिरा. वास सगळ्या पार्किंगभर पसरला. "वहु माटे करती हती," त्या म्हणाल्या. सुनेसाठी करत होते. "थोडो वधारे कर्यो." थोडा जास्त केला. मग माझ्याकडे वळून, आपल्या गावची एखादी सर्वज्ञात गोष्ट सांगावी तशा, त्या म्हणाल्या की आम्ही लहान होतो तेव्हा गल्लीतली कुत्री वियाणी की पोरंपोरं घरोघर फिरून पीठ, गूळ, तूप गोळा करायचो आणि तिला शिरा घालायचो. सवा महिना तिला कोण हात लावायचं? कोणी नाही.

त्या वियाणीच म्हणाल्या. कुत्रीसाठी तोच शब्द आणि कुत्रीसाठी तोच शिरा, जो सुनेसाठी रटरटत होता. माझी दुपारची सगळी मांडणी या एका पातेल्याने डळमळली: क्रियापद जागच्या जागी राहूनही आडोसा उभा राहू शकतो. फुई समोर असती तर मी तिला हे दाखवलं असतं. तिने पातेल्यात बोट घालून चव पाहिली असती आणि म्हणाली असती, गूळ कमी आहे. सिद्धांत मागे घ्यायची मला तरीही गरज वाटली नाही. हंसाबेनच्या गल्लीत तो शब्द कुणाच्या अंगावर फेकला गेला नसेल. आमच्या ओट्यावर गेला होता. एकच पदार्थ एका भांड्यात निष्क्रिय राहतो आणि दुसऱ्यात विषारी होतो. भांडं कोणतं ते विचारावं लागतं, एवढंच. भरतभाईंनी पत्नीकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, ठरावाचा कागद चौघडी करून खिशात घातला आणि हिलालला विचारलं, खिळे आहेत का.

सोमवारी सकाळी गाडी फाटकातून आत आली तेव्हा मी फळीला पाठ लावून उभी होते. हजीऱ्याला तासभर उशिरा येते म्हणून कळवलं होतं. हिलालने हात आडवा करून गाडी हळू घ्यायला लावली. सून अलगद, एकेक पाय जपून ठेवत उतरली. तिच्या हातातलं गाठोडं इतकं लहान होतं की त्यात कुणी असेल यावर पुराव्याशिवाय विश्वास बसू नये. भरतभाई एका बाजूला, हंसाबेन एका बाजूला. फळीआड हालचाल झाली, नखं फरशीवर घासली, आणि मी गुरगुर येण्याची वाट पाहिली. ती आली नाही. पावलं कडेपलीकडून वर जिन्यावर चढत गेली. याला फळी कारण की शिरा, हे एका निरीक्षणावरून सांगता येत नाही.

तळमजल्याच्या जोशींकडे कामाला येणारी कुसुम तेवढ्यात आत शिरली. डिंडोलीचीच; दोन दिवस सुट्टीवर होती. तिने फळी पाहिली, माझी पाठ पाहिली, आतली कुईकुई ऐकली, आणि पिशवी काखेत सरकवून टाचा उंचावत विचारलं, "काय झालं ओ ताई?"

हिलाल माझ्याकडे बघत होता. वर पहिल्या मजल्यावर भरतभाईंचं दार उघडल्याचा आवाज झाला, आणि कुणीतरी उंबऱ्यावर पाणी ओवाळून टाकलं.

"बाळंत झाली," मी म्हणाले.

"ते कळलं. पण काय झालं?"

"बाळंत झाली, कुसुम," मी म्हणाले. "सुखरूप आहे."